शेजाऱ्याच्या वेषातील जाहिरात

(राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने यवतमाळ येथे शेतकरी व ग्राहक कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



वेचणी अर्ध्यावर टाकून आपण येथे आला आहात, याची मला जाणीव आहे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दर परवडत नाही, आणि आभाळ भरून आले की बोंडातला कापूस डोळ्यांपुढे भिजताना दिसू लागतो. अशा दिवसांत दोन तास काढून येणाऱ्या श्रोत्यांपुढे प्रस्तावना लांबविणे हा अपराध होय. म्हणून थेट माझ्या घरातील एका प्रसंगापासून सुरुवात करतो.

मी आयुष्यभर शाळेत शिकविले. वडिलोपार्जित सहा एकर कोरडवाहू वावर आहे, ते निवृत्तीनंतर पुतण्याच्या मदतीने करतो. गेल्या ऑगस्टमध्ये पाते-फुले लागण्याच्या सुमारास पुतण्या तीन बाटल्या घेऊन घरी आला. मी विचारले, हे काय आणलेस? म्हणाला, कपाशीचे टॉनिक. पातेगळ थांबते, बोंडांची संख्या दुप्पट होते. कोणी सांगितले? त्याने भ्रमणध्वनी पुढे केला. पडद्यावर एक तरुण कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभा होता. खांद्यावर गमछा, पायाला चिखल, बोली आपल्यासारखीच. एकेक बोंड हाताने मोजत तो शंभरावर गेला आणि मग खिशातून तीच बाटली काढून दाखविली. मी म्हणालो, बाबा रे, ही तर जाहिरात आहे. त्यावर पुतण्याने दिलेले उत्तर मी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, "काकाजी, तो कंपनीचा माणूस नाही. आपल्यासारखाच कास्तकार हाय. त्याच्या पायाले चिखल लागला हाय, पाहा."

बंधूंनो, आजच्या विषयाचे सगळे मर्म त्या चिखलात आहे.

ज्यांना इंग्रजीत इन्फ्लुएन्सर म्हणतात, त्यांच्यासाठी वृत्तपत्रांनी 'प्रभावक' असा वजनदार शब्द घडविला आहे. आपल्या गावांत त्यांना 'व्हिडिओवाला' म्हणतात आणि मला तोच शब्द अधिक नेमका वाटतो. ही मंडळी शहरात सौंदर्यप्रसाधने आणि कपडे खपवितात. यवतमाळ जिल्ह्यात ती बियाणे, तणनाशके, टॉनिके, फवारणीचे पंप, कर्ज देणारी ॲप आणि शेअर बाजाराचे 'हमखास' सल्ले खपवितात. शहरातील तरुणीने व्हिडिओ पाहून चुकीचे प्रसाधन घेतले तर तिचे चारशे रुपये जातात. कोरडवाहू शेतकऱ्याने व्हिडिओ पाहून चुकीचे बियाणे पेरले तर त्याचे वर्ष जाते. पेरणी पुन्हा पुढल्या मृगातच येते. एवढा फरक ध्यानात घेतला म्हणजे हा विषय तरुणांच्या करमणुकीचा नसून आपल्या घरच्या हिशेबाचा आहे, हे कळते.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात नवीन आहे, असेही नाही. आपल्याकडे ती तीन पायऱ्यांनी आली. मी त्या तिन्ही पाहिल्या आहेत.

पहिली पायरी प्रसिद्ध चेहऱ्याची. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस मान्यता दिली. आरंभीच्या वर्षांत या बियाण्याच्या प्रचारासाठी नाना पाटेकर यांच्यासारख्या लोकप्रिय अभिनेत्याचा चेहरा वापरला गेला. त्यांच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. याच अभिनेत्याने २०१५ मध्ये मकरंद अनासपुरे यांच्यासह 'नाम' फाउंडेशन उभारून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी काम केले, हे आपण सर्व जाणतो. मुद्दा वेगळा आहे. नट जाहिरात करतो तेव्हा ती जाहिरात आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. फलकावरचा नट आपल्या धुऱ्याला धुरा लागलेला शेतकरी आहे, असा भ्रम कोणालाही होत नाही. भूल पडते, पण फसवणुकीत निदान पडदा तरी नसतो.

दुसरी पायरी बातमीच्या वेषातील जाहिरातीची. तिचा देशभर गाजलेला नमुना याच जिल्ह्यातला आहे. दुर्दैवाने तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. भांबराजा आणि अंतरगाव या आपल्या जिल्ह्यातील दोन गावांविषयी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत एक मोठा मजकूर प्रसिद्ध झाला. बीटी कपाशीने ही गावे समृद्ध झाली, येथे एकही आत्महत्या झाली नाही, असा त्याचा सूर होता. तोच मजकूर जवळजवळ तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट २०११ रोजी, त्याच वृत्तपत्रात पानभर पुन्हा अवतरला. या वेळी तो पैसे देऊन छापलेला विपणन-मजकूर होता आणि तसा उल्लेख बारीक टायपात केलेला होता. संसदेत जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक मांडण्याचे घाटत होते, ते हे दिवस.

मार्च २०१२ मध्ये बसुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदेची कृषिविषयक स्थायी समिती आपल्या भागात आली. समितीपुढे भांबराजाचे लोक उभे राहिले आणि त्यांनी वृत्तपत्रातील गावाशी आपल्या गावाचे काही साम्य नाही, असे सांगितले. आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या, त्यातील बहुतेक बीटी आल्यानंतरच्या, असे गावकरी म्हणाले. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ च्या 'द हिंदू'मध्ये हे सर्व प्रकरण मांडले. न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे की, २००८ चा मजकूर वार्ताहराने स्वतः लिहिला होता, आम्ही केवळ प्रवासाची सोय केली होती, आणि २०११ साली तोच मजकूर न बदलता जाहिरात म्हणून छापला.

केवळ प्रवासाची सोय! मित्रहो, या तीन शब्दांवर थोडे थांबा. गाडी कंपनीची, रस्ता कंपनीने निवडलेला, भेटावयाचे शेतकरी कंपनीने ठरविलेले. त्या गाडीतून दिसलेला यवतमाळ जिल्हा खोटा असेलच असे नाही. तो निवडलेला असतो. आणि निवडून दाखविलेले सत्य हे असत्यापेक्षा पकडावयास अवघड असते, कारण त्यातील प्रत्येक ओळ तपासली तर खरी निघू शकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बीटी चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. पहिल्या काही वर्षांत हिरव्या बोंडअळीवर बीटीने काम केले, फवारण्या कमी झाल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे थांबविले. २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झाले, ते सांगण्याची आवश्यकता नाही. बोंड फोडून पाहिले की आत अळी, अशी ती दिवाळी होती. बियाणे कसे वागते ते शेतात कळतेच. प्रश्न असा आहे की, पाकीट विकत घेण्यापूर्वी आपल्याला सांगणारा कोण होता, आणि सांगण्याचे पैसे त्याला कोणी दिले होते.

आता तिसरी पायरी. ती माझ्या पुतण्याच्या भ्रमणध्वनीत होती. नट गेला, वार्ताहर गेला; आता जाहिरातीने शेजाऱ्याचा वेष घेतला आहे. या वेषाची ताकद समजण्यासाठी आपण पूर्वी नवी गोष्ट कशी स्वीकारीत होतो ते आठवा. गावात एखादा धाडसी कास्तकार नवे वाण आधी लावीत असे. बाकीचे धुऱ्यावरून येता-जाता त्याचे पीक पाहत. उगवण पाहत, रोग आला तर तोही पाहत, आणि शेवटी गाडीत किती बोजे भरले तेही मोजत. हंगामभर उघड्यावर चाललेली ती परीक्षा असे. त्यात शेजाऱ्याचे नुकसान झाले तर ते लपत नसे, आणि लाभ झाला तर त्याबद्दल त्याला कोणी दलाली देत नसे. शेजाऱ्याच्या शब्दाला वजन होते ते या दोन कारणांनी. व्हिडिओवाल्याने आपल्याकडून ते वजन उसने घेतले आहे. ही दोन कारणे मात्र त्याच्यापाशी नाहीत.

त्या व्हिडिओत मला काय दिसले नाही, ते सांगतो. ते झाड कोणत्या तारखेला पेरले, हे नव्हते. खानदेशात ठिबकावर मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी आणि आपल्याकडे जूनच्या अखेरीस पावसावर पेरलेली कपाशी यांची ऑगस्टमध्ये तुलना करणे म्हणजे आठवीच्या मुलाशेजारी पाचवीचा मुलगा उभा करून उंची मोजणे होय. जमीन कोणती, पाणी किती, खत किती दिले, हेही नव्हते. धुऱ्यालगतच्या झाडाला मोकळी हवा आणि ऊन अधिक मिळते, त्याला बोंडे अधिक लागतात. प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक आहे, आणि मोजलेले झाड नेमके धुऱ्यालगतचे होते. टॉनिक न मारलेले शेजारचे झाड तर दाखविलेच नव्हते. शिवाय व्हिडिओ बोंड भरल्यावर थांबतो. वेचणीचा, वजनाचा, अडत्याच्या चिठ्ठीचा व्हिडिओ निघत नाही.

दिसला मात्र एक कूटशब्द. त्या तरुणाच्या नावाचा तो शब्द मागणी नोंदविताना घातला की दहा टक्के सूट मिळत होती. आपल्या मुलांना वाटते, दादाने आपल्यासाठी सूट मागून घेतली. व्यवहार असा असतो की, तो शब्द म्हणजे मोजणीची खूण. किती बाटल्या या तरुणाच्या तोंडून खपल्या, ते कंपनीला त्यावरून कळते आणि त्या प्रमाणात त्याची दलाली ठरते. काहींना व्हिडिओमागे ठरावीक रक्कम मिळते, काहींना फुकट माल, काहींना सहली. लाखो लोकांपर्यंत जाणाऱ्या नटापेक्षा कपाशीच्या पट्ट्यातील पन्नास हजार शेतकऱ्यांचा विश्वास असलेला तरुण कंपनीला अधिक स्वस्त आणि अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचा प्रत्येक श्रोता गिऱ्हाईक असतो. त्या तरुणावर माझा राग नाही. तोही कोणत्यातरी कोरडवाहू गावातलाच आहे, आणि तीन एकरांत भागत नाही म्हणून त्याने हा धंदा धरला असेल. धंदा करण्याला हरकत नाही. तो धंदा आहे हे लपविण्याला हरकत आहे.

आता हिशेब. तीन फवारण्या, एकरी प्रत्येकी सुमारे सातशे रुपये, म्हणजे एकवीसशे. सहा एकरांचे बारा हजार सहाशे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे केवळ बाटल्यांचे पैसे निघण्यासाठी दीड क्विंटलाहून अधिक जादा कापूस पिकावयास हवा, आणि तोही हमीभावाने विकला गेला तर! खेडा खरेदीत तो भाव कितीदा पदरात पडतो, हे आपण जाणता.

या टॉनिकांविषयी आणखी एक माहिती देणे मला आवश्यक वाटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून ही जैवउत्तेजके नियमाखाली आणली. तोवर त्यांच्या बाटलीवर काय लिहावे, याला फारसा धरबंध नव्हता. त्यानंतरही तात्पुरत्या नोंदणीवर विक्री चालू राहिली. ती मुदत २०२५ च्या जूनमध्ये संपली. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितले की, देशात अशी सुमारे तीस हजार उत्पादने विकली जात होती आणि तपासणीची चाळणी लावल्यावर त्यातील शेकड्यांतच उरली. तीस हजारांतून काहीशे! बाकीच्यांची स्तुती करणारे व्हिडिओ मात्र अजूनही भ्रमणध्वनीत फिरत आहेत. बाटलीची नोंदणी संपते, व्हिडिओची संपत नाही.

येथवर पैशाचे झाले. पण या जिल्ह्यात विषय पैशावर थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, काहींची दृष्टी धोक्यात आली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि एका पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण, अशी कारणे तेव्हा पुढे आली. त्या वर्षी व्हिडिओ दोषी होते, असे मी म्हणत नाही. तेव्हा सल्ला बहुधा दुकानाच्या फळीवरून मिळत होता. परंतु आज "पाच औषधांचा एकच पंप, अळी साफ" अशा शीर्षकाचे व्हिडिओ आपली मुले पाहतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत, हे नोंदणीच्या वेळी ठरते आणि लेबलवर छापलेले असते. पाचांच्या मिश्रणाचे लेबल कोणत्याही बाटलीवर नसते. दुकानदार चुकला तर तो गावात असतो, त्याच्या फळीपुढे जाऊन उभे राहता येते. व्हिडिओवाल्याच्या दारात जाणार कोण आणि कसे?

अशीच गोष्ट 'चोर बीटी'ची. तणनाशकाला दाद न देणाऱ्या, शासनमान्यता नसलेल्या कपाशीच्या बियाण्याला आपल्याकडे हेच नाव पडले आहे. डवरणी-निंदणाचा खर्च वाचतो म्हणून शेतकरी त्याकडे वळतो, हे मी समजू शकतो. ते तंत्रज्ञान मिळावे असे मानणाऱ्या शेतकरी नेत्यांचा पक्षही मला ठाऊक आहे. माझा आक्षेप साधा आहे. या पाकिटाची पावती मिळत नाही. आणि पावती नसली की न्याय नाही.

पावतीवरून ग्राहक चळवळीकडे येतो, कारण आजचा दिवस तिचा आहे. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्याआधी बारा वर्षे, १९७४ साली, बिंदूमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. शेतकरी हाही ग्राहक आहे, ही गोष्ट मात्र आपल्या मनात फार उशिरा रुजली. बियाणे कंपन्या तर न्यायालयात सांगत की, शेतकरी व्यापारी हेतूने बियाणे घेतो, म्हणून तो ग्राहक नव्हे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला आणि सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, यावर शिक्कामोर्तब केले. त्या दादीसाठी पावती लागते, पाकीट लागते, त्यावरचा टॅग लागतो, शक्य तर थोडे बियाणे शिल्लक ठेवलेले लागते. "व्हिडिओत पाहिले होते" हा पुरावा फार दूर नेत नाही.

तरीही व्हिडिओवाल्यांसाठी कायदा अगदीच मोकळा नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि जानेवारी २०२३ मध्ये शासनाने खास या मंडळींसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, फुकट माल, सहल, काहीही घेतले असेल तर ते ठळकपणे सांगितले पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगितले पाहिजे. वऱ्हाडीत बाटलीचे गुण गावयाचे आणि कोपऱ्यात चिमुकल्या इंग्रजी अक्षरांत जाहिरात असल्याचे लिहावयाचे, हे नियमात बसत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. शेअर बाजाराच्या बाबतीत सेबीने तर हात दाखविलाच आहे. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने सल्ले देणाऱ्याकडून आणि त्याच्या साथीदारांकडून सतरा कोटींहून अधिक रक्कम जप्त करून ठेवण्याचा आदेश ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाला. शेअर बाजाराला सेबी आहे. कपाशीच्या टॉनिकाचा व्हिडिओ झरी-जामणीतला शेतकरी पाहतो, तेव्हा त्याच्या बाजूने पाहणारे तितके तीक्ष्ण डोळे कोणाचे आहेत? तक्रार केल्यावाचून हे नियम कागदावरच राहतात, आणि आपल्या भागातून तक्रार करण्याची सवय अजून पडावयाची आहे.

आता थोडे आपल्या मंडळींना दुखेल असे बोलतो. अध्यक्षांनी अनुमती द्यावी. गेल्या काही वर्षांत 'देशी', 'सेंद्रिय', 'गोमाता', 'ऋषिमुनींचे ज्ञान' हे शब्द ज्या मुक्तपणे बाटल्यांवर चिकटविले जात आहेत, त्याकडे आपण कौतुकाने पाहतो. कपाळी टिळा लावून, आरंभी वंदन करून कोणी बोलू लागला की आपण प्रश्न विचारणे सोडतो. जे प्रश्न आपण बहुराष्ट्रीय कंपनीला विचारू, तेच येथे विचारावयास हवेत: यात काय आहे, कोणी तपासले, तुला किती मिळतात? ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रसिद्ध व्यक्ती आणि प्रभावक हेही तितकेच उत्तरदायी आहेत, असे म्हटले, ते पतंजलीच्या जाहिरातींविषयीच्या प्रकरणात. त्या प्रकरणात जाहीर क्षमायाचना करावी लागली, हे आपण वाचले आहे. आपल्या श्रद्धेचे शब्द दुसऱ्याच्या मालाचे वेष्टण झाले, तर त्यात हानी प्रथम श्रद्धेची होते. मला हे अधिक लागते, कारण माझ्या घरातली ती बाटलीही 'देशी' होती.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे: ही जागा रिकामी का राहिली? एके काळी आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम चावडीवर बसून ऐकले जात. दूरदर्शनवरच्या 'आमची माती, आमची माणसं'मध्ये बोलणाऱ्या तज्ज्ञाला बाटलीमागे काही मिळत नसे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे, शिफारशी दरवर्षी निघतात. पण त्यांची भाषा अशी असते की, त्या वाचून विद्यापीठातलीच माणसे समाधानी व्हावीत. ज्यांना आपण अजून कृषी सहायक म्हणतो, त्यांच्याकडे इतकी गावे आणि इतके कागद असतात की, वावरात यावयाचे कधी? अशा वेळी एखादा तरुण आपल्या बोलीत, रात्री नऊ वाजताही, प्रश्नाचे उत्तर देत असेल तर शेतकरी त्याच्याकडे जाणारच. काही तरुण प्रामाणिकपणे आपले अपयशही दाखवितात. बोंडअळीने खाल्लेले स्वतःचे शेत दाखवून, माझे चुकले, तुम्ही असे करू नका, असे सांगणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी शेतीशाळाच म्हणेन. त्यांच्याकडे कूटशब्द नसतो. म्हणून त्यांचे श्रोतेही थोडे असतात.

माझ्या घरातील गोष्टीचा शेवट सांगतो. बाटल्या आल्याच होत्या, पैसे गेलेच होते. पुतण्याला रागावून उपयोग नव्हता. चिखल पाहून विश्वास ठेवणे हा त्याचा दोष म्हणावा की आपला संस्कार, हे मला अजून ठरविता आलेले नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की, फवार, पण मधली दहा तासे सोडून दे. जमीन तीच, पेरणी तीच, खत तेच. तो नाराज झाला; दहा तासांचे नुकसान कशाला, म्हणाला. तरी त्याने सोडली. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी दोन्हीकडची वीस-वीस झाडे धुऱ्यापासून आत जाऊन मोजली. तो बोंडे मोजी, मी वहीत लिही. दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी निघाली. माझा हा प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे, एका वावरातली एका वर्षाची गोष्ट आहे, हे मी जाणतो. पुतण्याने मात्र ती वही माझ्याकडून मागून घेतली आणि त्या व्हिडिओखाली आपले आकडे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी ते तेथे नव्हते. खालच्या "जय जवान, जय किसान, दादा खूप छान" या प्रतिक्रिया मात्र सगळ्या जागेवर होत्या.

आमची दुसरी वेचणी अजून बाकी आहे. वावर दारव्हा रस्त्याला लागूनच आहे. परत जाताना वाटेत ज्यांना थांबावेसे वाटेल त्यांनी अवश्य थांबावे. कोणती तासे फवारलेली आणि कोणती सोडलेली, याची खूण मी मुद्दाम ठेवलेली नाही. पाहून सांगा. चहा तयार असेल.